माऊसला कुणी हात लावला?

लासलगावला बाजार समितीसमोर रंगनाथशेठचं कांद्याचं ऑफिस. प्रतिभा तिथं कॉम्प्युटरवर बसायची. किल्ल्या तिच्याकडे, पासवर्डही तिच्याकडेच. "नोकर नाय, लेक हाय माझी," असं शेठ चारचौघांत सांगायचे. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात या लेकीचे दिवस फिरले.

संध्याकाळी ती कॉम्प्युटर पुरता बंद न करता ‘स्लीप’वर टाकून, म्हणजे नुसता झोपवून जायची. सकाळी बघावं तर मशीन टक्क जागं! त्यातच दिल्लीच्या पार्टीचा भाव शेजारच्या व्यापाऱ्याला कळला. शेठ स्वतःच फोनवर असे ओरडून बोलायचे की गल्लीला ऐकू जावं. पण ते कोण सांगणार त्यांना? ही पोरगी चोरून येते, मशीन उघडते, भाव फोडते, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. बरं, मनात ठेवावं ना! यांनी भर लिलावात बोंब मारली.

प्रतिभाचं डोकं सणकलं. "शेठ, मशीन कशानं उठलं ते त्याच्या लॉगमध्ये, आतल्या नोंदवहीत असतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या महेशदादांना बोलवा. होऊन जाऊ दे एकदाचं."

महेश आला, लॉग उघडून वाचायला लागला. "संध्याकाळी झोपलं. पहाटे उठलं. उठवलं माऊसनं. दुसऱ्या दिवशीही माऊसनंच."

"माऊसला काय पाय फुटले?" शेठ गरजले. "हात कुणाचा?"

"हात कुणाचा ते यात येत नाही हो."

प्रतिभा पुढे वाकली. "दादा, रविवार बघा. बाजार बंद असतो. रविवारी एकदाही उठलेलं नाही."

"रविवारी तुला पण सुट्टीच असते," शेठ म्हणाले. "किल्ल्या ठेव."

ज्या लॉगच्या भरवशावर बिचारी एवढी बोलली, त्यानंच तिचा गळा कापला. तिनं किल्ल्या ठेवल्या, शेठनी खिशात घातल्या. महेशनं मशीन झोपवलं आणि बॅग उचलली.

तेवढ्यात कांद्यानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग दारावरून धडधडत गेली. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून नंबर लावायला अशाच येतात त्या. लोखंडी टेबल थरथरलं, माऊस जरासा सरकला आणि स्क्रीन लख्ख उजळली. टेबलाजवळ कुणीसुद्धा नव्हतं.

महेशला हसूच फुटलं. प्रतिभाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटले बाई, असं म्हणत तिनं किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

शेठनी टेबल हलवून बघितलं. मग म्हणाले, "महेश, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल."

"आणि मी, शेठ?"

"सगळ्या बाजारात बोलून बसलोय मी. आता काय स्वतःचं हसं करून घेऊ?" त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जाताना तेवढा पासवर्ड सांगून जा."

तिनं सांगितला. शेठचंच नाव होतं ते, तिनं मोठ्या मानानं ठेवलेलं.