दाराच्या तळाशी आलेली कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या कड्या दुकानात ढिगाने मिळतात, पण मला एका सुताराने स्वतःच्या घराच्या दाराला बसवले, तेही अगदी वर. कारण त्याची मुलगी नुकती चालू लागली होती. नजर चुकली की ती थेट रस्त्यावर. बाबा तिला लाडाने ठमी म्हणत.

थोडी बोलू लागल्यावर ठमी टाचा उंचावून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बाबा, फक्त पायरीपर्यंत." हातातले काम कितीही घाईचे असो, बाबा रंधा खाली ठेवत, मला सरकवत आणि तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसत.

पुढे ठमी मोठी झाली, तिची आई गेली, आणि बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटू लागली. एका सकाळी ते अनवाणीच निघाले, कधीच बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचले. ठमीच्या जिवाचे पाणी पाणी झाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कडी खाली लावा, जमिनीलगत. तिथं त्यांचं लक्ष जाणार नाही."

ठमीने मला काढले आणि खाली लावायला बसली. स्क्रू काही आत जाईना. बाबा बघत होते, आणि कोणाचे धसमुसळे काम नुसते बघत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"आधी साबणावर घास तो," ते म्हणाले. "आण इकडे."

आणि मित्रांनो, त्यांनीच मला बसवले. उरलेले स्क्रू ओठांत धरून, मन लावून. ठमी खिडकीकडे तोंड करून उभी होती. मला फार वाईट वाटले.

दुपारी बाबा दाराशी आले. हात सवयीने वर गेला. तिथे नुसती भोके. काखेत कळसा म्हणतात तो हाच प्रकार, पण हसू कोणाला येणार?

"ठमे, फक्त पायरीपर्यंत जातो."

"नंतर, बाबा. काम चालू आहे माझं."

थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि पुन्हा "नंतर". तिसऱ्यांदा त्यांनी विचारलेच नाही. रिकाम्या भोकांवर बोटे ठेवून ते तसेच उभे राहिले.

ठमीने मान वर करून पाहिले. मग हातातले काम टाकून ती आली, जमिनीवर बसली आणि तिने मला सरकवले. बाहेर पडताना बाबा वाकले, मला हलवून पाहिले.

"झकास बसलीय. कोणी बसवली?"

"एका चांगल्या सुतारानं," ठमी म्हणाली आणि त्यांचा हात धरून पायरीवर बसली. ती रडत होती. बाबा रस्ता बघत होते.

मित्रांनो, थकलेल्या आईबापांसाठी मला लावावे लागले, तर जरूर लावा. मी इमानाने राखण करीन. पण मला लावून विसरू नका. आता मला उघडायला खाली वाकावे लागते. तेवढे वाका.