दोघांनी उतरवलेली जीप

"पुढं मी बसते," म्हणत लुस दारीने सीटवरचं पोतं उचलून मागे ढकललंसुद्धा. आर्सेसिओ "अगं, तिथली स्प्रिंग तुटलीय, टोचेल," म्हणेपर्यंत ती चढून बसली होती.

"टोचू दे. मागं जागा आहे का कुठं?"

मागे खरंच जागा नव्हती. शनिवारचा बाजार. आल्तामिरा वाडीतली निम्मी माणसं जीपमध्ये होती आणि उरलेली बहुतेक जीपच्या पाठीला लटकली होती. टपावर केळ्यांचे घड, कॉफीची पोती, पायाला दोरी बांधलेल्या दोन कोंबड्या. ओफेलियाबाई नेहमीप्रमाणे मागच्या बाकाच्या टोकाला, मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या.

आर्सेसिओने किल्ली फिरवली आणि मनातल्या मनात संतांची नावं घेतली. गेले कित्येक महिने त्याने शेजारच्या सीटवर कुणाला बसू दिलं नव्हतं. कधी पोतं, कधी केळ्यांचा घड, कधी ती न तुटलेली स्प्रिंग. आणि आज बसली ती पोटची पोर. पेरेरा शहरातल्या इस्पितळात नर्स. माणूस दारातून आत येतानाच त्याचं काय दुखतंय ते ओळखणारी.

वारलेल्या मावशीच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी ती काल वाडीवर आली होती. तिची स्वतःची गाडी खाली गावच्या चौकात उभी होती. या चिखलाच्या वाटेवर ती पहिल्या वळणापर्यंतही आली नसती.

जीप निघाली. पहिलं वळण सरळ पार पडलं, कारण तिथे गिअर बदलावा लागत नसे. दुसऱ्या वळणाआधी मात्र उतार अंगावर आला आणि इंजिन ओरडायला लागलं. आर्सेसिओने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मुलगी दरीकडे बघत होती. त्याने चटकन छाती पुढे टेकवून स्टिअरिंग दाबून धरलं, डाव्या हाताने डावा गुडघा खाली रेटून क्लच दाबला, उजव्या हाताने गिअर टाकला आणि दोन्ही हात परत चाकावर आणले. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ. पण तेवढ्या वेळात जीप कुणाच्याच हातात नव्हती.

लुस दारी दरीकडे बघत नव्हती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "हे काय करताय?"

"काय करतोय? गाडी चालवतोय."

"पाय हलवा बघू डावा."

"गप्प बस. मागं ऐकू जाईल."

"कधीपासून?"

त्याने नजर रस्त्यावरच ठेवली. कमरेतली कुठलीशी शीर दबली होती. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, मग मांडीतला जोर गेला. पाय उचलला जाई, पण दाबायला गेलं की ओल्या चिंधीसारखा. बायकोला, रुबिएलाला, त्याने पाय मुरगळल्याचं सांगितलं होतं. तिला खरं वाटलं नव्हतं, पण तिने विचारणं सोडून दिलं होतं.

"थांबवा जीप."

"इथं? उतारावर, चिखलात? आणि मागच्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"खाली गेल्यावर बोलू."

"खाली गेलो तर!"

पुढचं वळण आलं. आर्सेसिओची छाती पुन्हा स्टिअरिंगकडे झुकली, आणि त्याचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर पोचण्याआधीच तिथे दुसरा हात आला.

"तुम्ही चाक सोडायचं नाही," ती म्हणाली. "उजव्या हातानं चाक, डाव्या हातानं गुडघा. गिअर मी टाकते. कुठला ते सांगा."

"तुला?" तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

दोघांनाही एकच गोष्ट आठवली असणार. ती एकोणीस वर्षांची असताना त्याने तिला स्मशानाच्या चढावर जीप शिकवायला नेलं होतं. इंजिन तीनदा बंद पडलं. खाली जीप-स्टँडवर सगळे ड्रायव्हर काळी कॉफी पीत तमाशा बघत होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला होता, "उतर! हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही!" ती उतरली. पुढे पेरेरात नोकरी लागल्यावर तिने ऑटोमॅटिक गाडी घेतली. पहिल्यांदा ती चौकात घेऊन आली तेव्हा त्याने गाडीभोवती एक फेरी मारली होती आणि म्हणाला होता, "ही गाडी नव्हे, लिफ्ट आहे. बटण दाबा, वर जा. माणसाच्या हाताला उतार कळायला नको?"

"रात्रपाळी करून सुटलं की पेरेराच्या गर्दीत तासभर अडकते मी," तिने उत्तर दिलं होतं. "प्रत्येक सिग्नलला क्लच दाबायला पायात जीव नसतो. आणि दुसरं म्हणजे, ती गाडी माझ्यावर ओरडत नाही."

त्यावर तो आपल्या जीपकडे निघून गेला होता. त्यानंतर त्या गाडीत कधी बसलाही नव्हता.

"बाबा, कुठला?"

"दुसरा. खाली ओढ. थांब, मी 'आता' म्हणालो की." त्याने गुडघा रेटला. "आता."

दांडा करकरला. दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आर्सेसिओ, कोंबडी चिरडलीस काय रे?" लोक हसले. लुस दारीचा चेहरा लाल झाला. ती वाट बघत होती, तो आता ओरडेल म्हणून.

"परत," तो म्हणाला. "जोर करू नकोस. तो आपला आपण जातो. आता."

या वेळी गेला. इंजिनने जीप धरली, वेग मोडला.

तशी त्यांनी तीन-चार वळणं काढली. तो फक्त "आता" म्हणे आणि ती टाकत असे. तिच्या तळव्याखाली दांडा थरथरत होता. हळूहळू तो "आता" म्हणायच्या आधीच तिला कळायला लागलं, कारण आवाज बदलत होता.

घाटाच्या पोटात मात्र एक छोटासा चढ होता. रस्ता खाली उतरता उतरता मध्येच वर चढत असे आणि मग पुन्हा उतरे. पावसाने तिथे दरड आली होती, अर्धा रस्ता मातीखाली होता. आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर, चढाच्या माथ्यावर, समोरून वाडीला निघालेली रंगीबेरंगी चिवा बस येऊन उभी राहिली होती. टपापर्यंत माणसं.

आर्सेसिओने ब्रेक दाबला. जीप चढाच्या मध्यावर, नाक वर करून थांबली. डावीकडे दरड, उजवीकडे दरी, आणि मागे नुकतंच सोडून आलेलं वळण.

चिवाचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर डोकावला. "तू ये पुढं! मी डोंगराला चिकटून घेतो. माझे ब्रेक नीट धरत नाहीत, मला मागं नाही घेता येणार!"

"त्यालाच सांगू या," लुस दारी पुटपुटली. "एवढ्यापुरती तो येऊन चढवेल जीप."

"तो बस सोडून उतरला तर बस आपल्या अंगावर येईल."

ते खरंच होतं. आणि ते खरं आहे याचं त्याला बरंही वाटलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

त्याने गुडघा रेटून धरला. तिने पहिला गिअर टाकला. आता उजवा पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर न्यायचा आणि त्याच क्षणी डावा पाय हळूहळू वर येऊ द्यायचा. हे त्याने आयुष्यभर झोपेत केल्यासारखं केलं होतं. पायाच्या अंगठ्याला कळायचं, क्लच कुठे पकडतो ते. आता तिथे अंगठा नव्हता, फक्त गुडघ्यावरचा हात होता, आणि हाताला त्यातलं काही कळत नव्हतं.

हात सटकला. पाय एकदम वर आला, जीपने एक धक्का खाल्ला आणि इंजिन बंद पडलं.

जीप मागे जायला लागली.

ब्रेकवर पाय पुन्हा पोचेपर्यंत मागून किंकाळी ऐकू आली. लुस दारीने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. जीप चिखलात हातभर घसरली, तिरकी झाली आणि थांबली.

टपावर कोंबड्या फडफडल्या. मग चिवाच्या टपावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "म्हातारा झाला रे आर्सेसिओ!" आणि एकदोघं हसले.

आर्सेसिओच्या कपाळावरून घाम गळत होता. तो समोर बघत राहिला. त्याच्या हाताखाली इंजिन असं कधी बंद पडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

लुस दारी मागे वळली. "उतरा सगळे! चिखल फार आहे, जीप हलकी करायचीय. चढ संपला की परत बसा. चला, चला!"

माणसं कुरकुरत उतरली. चिखल तुडवत चढाच्या बाजूबाजूने चालायला लागली.

"ओफेलियाबाई, तुम्हीपण."

"मी नाही बाई उतरायची," ओफेलियाबाई म्हणाल्या. "हे गुडघे एकदा उतरले की परत चढणार नाहीत. आर्सेसिओ आहे ना. मी बसते."

आर्सेसिओने आरशात पाहिलं. म्हातारी अंड्यांची टोपली दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

"मला जमायचं नाही, पोरी," तो म्हणाला. हे वाक्य तिने त्याच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

"हँडब्रेक माझ्याकडे आहे. जीप कुठे जात नाही." तिने गिअर तपासला. "तुम्ही ब्रेकचा विचारच करू नका. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवा. हात हळू सोडा. पायाला कळत नाही तर कानानं ऐका. घाई नाही. मी ओरडत नाहीये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

इंजिन सुरू झालं. त्याने रेस दिली. गुडघ्यावरचा तळवा एकेक बोट सैल करत तो वर येऊ देऊ लागला. इंजिनचा आवाज जरा जड झाला, खाली बसला, जीपचं नाक किंचित उचललं गेलं.

"पकडला," दोघं एकदमच म्हणाले, आणि तिने हँडब्रेक सोडला.

जीप चढली. चाकांनी चिखल उडवला, आरसा चिवाच्या रंगवलेल्या अंगाला घासून गेला, आणि पुढच्या क्षणी ती माथ्यावर होती. चिवाच्या ड्रायव्हरने खिडकीवर थाप मारली. मागे ओफेलियाबाईंनी डोळे उघडून टोपलीत बघितलं आणि एक अंडं फुटल्याचं जाहीर केलं.

माणसं परत चढून बसली, आणि खाली गावापर्यंतची वळणं बाप-लेकीने तशीच काढली.

चौकात जीप-स्टँडवर बाजाराची गर्दी होती. उतरणारे उतरायच्या आतच वाडीला जाणारे चढायला लागले. कुणी पेट्रोमॅक्सची काच सांभाळत, कुणी खताचं पोतं आत सारत. लुस दारी खाली उतरली आणि जीपसमोर जाऊन उभी राहिली. तिने ठरवलं होतं. तो किल्ली फिरवायला गेला तर ती सगळ्यांसमोर सांगणार होती. बाप आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल.

आर्सेसिओ बराच वेळ चाकावर हात ठेवून बसला होता. मग तो उतरला. दार धरून, डावा पाय ओढत. आणि आज त्याने ते लपवलं नाही.

"हिल्दार्दो!" त्याने शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली. "माझी पाळी तू घे. चला रे, सगळे तिकडच्या जीपमध्ये बसा."

"का? काय झालं?" हिल्दार्दो म्हणाला. "इंजिन गेलं?"

"इंजिन ठीक आहे. माझा डावा पाय गेलाय. क्लच दाबत नाही."

"आज दाबत नाही?"

"कित्येक महिने झाले." त्याचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आज पोरीनं उतरवली गाडी. नाहीतर तुम्ही आत्ता मला दरीत शोधत असता."

चढलेली माणसं गुपचूप उतरली. कुणी त्याच्याकडे रागाने बघितलं, एका बाईने मुलाला जवळ ओढून क्रूसाची खूण केली. त्यांचं काही चुकत नव्हतं. आर्सेसिओने मान खाली घातली नाही. ओफेलियाबाई अजून मागेच बसून होत्या. तो त्यांच्याजवळ गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी मागं बसते, आंधळी नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू आपणहून सांगशील." आणि त्याने पुढे केलेला हात धरून त्या एकेक पाय टेकत उतरल्या. "सांगितलंस. उशिरा सांगितलंस."

लुस दारीची पांढरी गाडी चर्चच्या कोपऱ्यावर होती. ती दार उघडून थांबली, तो शेजारच्या सीटवर बसेल म्हणून. तो गाडीला वळसा घालून चाकाच्या बाजूला आला.

"दे किल्ली."

"बाबा..."

"हिला डावा पाय लागत नाही ना?"

"नाही लागत."

"मग दे. हा रस्ता रिकामा आहे. आणि काही झालं तर तू आहेस."

तिने किल्ली दिली आणि दुसरीकडून येऊन बसली. त्याने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवला. "कुठं ठेवायचा हा?"

"कुठंही. तिकडे, बाजूला. त्याला काही काम नाही."

तिने दांडा कसा ओढायचा ते दाखवलं. गाडी आपली आपण, गोगलगायीसारखी सरकायला लागली. त्याने चाक दोन्ही हातांनी असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. चर्चच्या मागचा चढ आला. अर्ध्या चढावर त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि मग मुद्दामच त्याने ब्रेकवरून पाय हळूच उचलला. मागे सरकेल म्हणून त्याचं सगळं अंग ताठलं होतं.

गाडी सरकली नाही. चढावर, पायाशिवाय, तशीच उभी राहिली.

"कोण धरतंय हिला?"

"गाडीच."

त्याने मान हलवली. काच खाली केली आणि इंजिनचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. फारसा येत नव्हता. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. आर्सेसिओने हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली, आणि तो आणखी थोडा वेळ तिथेच थांबून राहिला.