चिखलापुरतं

ब्रेकमास्तरांनी खिडकीतून हात आत घातला आणि स्टिअरिंगशेजारचं बटण दाबून धरलं. पाच आकडे मोजून झाले, तेव्हा समोर वेगाच्या काट्यांच्या मधोमध एक पिवळा दिवा लागला.

"आता दे. पाय दाबू नकोस, नुसता टेकव."

त्यांच्या मुलीनं पाय टेकवला. मघापासून चाक जरा घसरलं की गाडी आपणहून ताकद आवरती घेत होती. डांबरावर तो शहाणपणाच. पण चिखलात चाकाला थोडं वेडंवाकडं फिरू द्यावं लागतं. चाकं भणभणली, मास्तरांची विजार गुडघ्यापर्यंत रंगली आणि गाडी अंगणातून उसळून रस्त्याला लागली.

"आजोबा चॉकलेटचे झाले!" मागे पट्ट्यांत बांधलेली नात ओरडली.

"निघते बाबा. उजेड आहे तोवर घाट उतरते."

"सावकाश जा."

तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे, त्यावरून हे नाव पडलं. शिकणारा अडखळला की ते आधी स्वतः करून मोकळे होत आणि मग शांतपणे समजावून सांगत. आज ते 'मग' राहून गेलं.

नळाखाली पाय धुताना त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" बायकोनं दारातून विचारलं.

"ते परत चालू करायचं राहिलं."

"काय ते?"

"गाडी घसरली तर सावरतं ना, ते. चिखलापुरतं बंद केलं होतं. तिला सांगितलंच नाही."

बायकोनं वर पाहिलं. पावसानं पुन्हा जोर धरला होता.

"अहो, मग फोन करा ना!"

"ती उचलेल."

"फोन उचलायलाच करतात!"

"वळणावर उचलेल. एका हातानं. तिला दम कुठे निघतो?"

ते खुर्चीत बसले. फोन समोर ठेवला, घड्याळाकडे तोंड केलं. घाटात तेरा वळणं, सगळी पाठ. आता पहिलं आलं असेल. तिथे पाणी रस्त्यावरून वाहतं. त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला.

"पंचवीस मिनिटांत खाली पोचते. मग करू."

बायकोनं त्या पायाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

अकराव्या मिनिटाला फोन वाजला. मुलीचंच नाव होतं.

"बाबा, घाबरू नका. छोटीनं विचारलं, ते पिवळं काय लागलंय म्हणून, तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. मी गाडी थांबवलीय."

मास्तरांनी श्वास सोडला. हातानंच बायकोला 'ठीक आहे' अशी खूण केली. ती मटकन पायरीवर बसली.

"शाब्बास. कुठे थांबलीस?"

"इथेच. तुम्हीच नाही का शिकवलंत, अनोळखी दिवा दिसला की एक फूटही पुढे जायचं नाही?"

"इथेच म्हणजे कुठे?"

"वळणावर. दरीकडे कठडा आहे, काळजी नको. धुक्यात फार काही दिसत नाहीये. कुठलं बटण दाबू, सांगा."

तिच्या बोलण्यामागे एक भोंगा ऐकू आला. दुरून, लांबलचक. उताराला लागलेल्या अवजड गाडीचा.

"बटण राहू दे. खाली उतर. छोटीला घे आणि डोंगराच्या अंगाला हो."

"एवढ्या पावसात? बाबा, तिला आधीच सर्दी—"

"उतर म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत त्यांनी एकाही शिकणाऱ्यावर आवाज चढवला नव्हता. पायरीवरून बायको उठून उभी राहिली.

पलीकडे दार उघडलं. फोनमध्ये पाऊस शिरला. ओल्या डांबरावर धावती पावलं वाजली. पुन्हा भोंगा, आणि या वेळी त्याच्यासोबत इंजिनाची घरघरही.

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला. मागचं दार उघडल्याचा आवाज अजून आला नव्हता.