काम ठीक आहे

मेट्रनबाईंनी चादर झटकली आणि थेट बैठकीच्या टेबलावर अंथरली. लेखाधिकाऱ्यांच्या कोपऱ्यापर्यंत ती पोचली. अधीक्षकांच्या बाजूला मात्र वीतभर टेबल उघडंच राहिलं.

"धुवायला दिली तेव्हा दोन्हीकडून खाली लोंबत होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा कोटवाल्याचा नमुना. आणि हा एक मोजा. चादरीबरोबर आलाय."

"म्हणजे कमी काही नाही, उलट जास्तच आलंय," लेखाधिकारी म्हणाले.

सरकारी दवाखान्याचे कपडे पुढचं वर्षभर कोणी धुवायचे, ते आज ठरायचं होतं. निविदा दोनच आल्या होत्या आणि दोघेही बाहेर बाकावर बसले होते. एक कोट घातलेला, जाईल तिथे आपल्या नव्या यंत्रांची रंगीत पत्रकं वाटणारा. दुसरा अकरा वर्षं इथलेच कपडे धुणारा लाँड्रीवाला. एका चादरीमागे कोटवाला नऊ रुपये मागत होता, लाँड्रीवाला दहा.

"किमतीला साठ गुण, पूर्वीच्या कामाला चाळीस," लेखाधिकाऱ्यांनी तक्ता पुढे ओढला. "कोटवाला स्वस्त, त्याला साठ. लाँड्रीवाल्याला चोपन्न. नमुन्याला गुण नाहीत."

"मग मागवला कशाला?" अधीक्षकांनी विचारलं.

"मागवावा असं नियमात आहे, सर. बघावा असं नाही."

"अहो, पण ही चादर अंथरली तर गादी उघडी आणि पांघरली तर पाय उघडे!"

"पायांचा रकाना नाही, सर."

आता राहिलं पूर्वीचं काम. कोटवाल्याने दुसऱ्या एका दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडलं होतं : 'काम चांगले आहे.' त्याचे तीस गुण. खालची सही तिथल्या मेट्रनची, मेट्रनबाईंच्या ओळखीची होती. दोघींनी शिक्षण एकत्र घेतलेलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अगं, तो तुमचा कोटवाला खरंच चांगला आहे का?"

पलीकडून उलट प्रश्न आला.

"तो तुमच्याकडे येतोय? नक्की ना?"

"अजून ठरायचंय."

"ठरव गं बाई! आमच्या अर्ध्या चादरी आता उशीला घालतो आम्ही. 'उत्कृष्ट' लिहून पाठवणार होते त्याला, पण हातच धजेना. 'चांगले' पुरेल ना?"

फोन ठेवल्यावर अधीक्षकांनी लेखाधिकाऱ्यांकडे पाहिलं.

"फोनला आवक क्रमांक नसतो, सर," ते शांतपणे म्हणाले. "तीस."

मग त्यांनी लाँड्रीवाल्याची फाइल उघडली. अकरा वर्षांची अकरा प्रमाणपत्रं. ते एकेक पान उलटत वाचू लागले. "काम ठीक आहे. काम ठीक आहे. काम ठीक आहे..." सहाव्या पानानंतर त्यांनी नुसतीच पानं उलटली. "ठीकला वीस. एकूण नव्वद आणि चौऱ्याहत्तर. संपलं."

"ठीक?" अधीक्षक चकित झाले. "कोणी लिहिलं हे?"

लेखाधिकाऱ्यांनी फाइल फिरवून मेट्रनबाईंसमोर धरली. "सही आपलीच ना, मॅडम?"

मेट्रनबाई चादरीची घडी घालू लागल्या. घडी चारदा घातली, तरी नीट बसेना.

सही त्यांचीच होती. दरवर्षी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईच्या निविदेची जाहिरात निघायची. तिथे कपडे चौपट, दरही चांगला. दरवर्षी लाँड्रीवाला दारात उभा राहून प्रमाणपत्र मागायचा. पहिल्या वर्षी मेट्रनबाईंनी पेन टेकवलं ते 'उत्कृष्ट' लिहायलाच. मग खिडकीतून दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र चादरींची रांग दिसली, आणि हाताने 'ठीक' लिहिलं. त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि म्हणाला, "बरोबर आहे बाई. काहीतरी राहतच असणार." पुढच्या वर्षी तो फाटलेल्या कडा शिवून देऊ लागला. तरी 'ठीक'. त्याच्या पुढच्या वर्षी इस्त्री. तरी 'ठीक'. अलीकडे तर अभ्र्यात राहिलेली एखाद्या आजोबांची कवळी तो धुऊन, कागदात बांधून, वर वॉर्ड आणि खाट क्रमांक लिहून परत पाठवायचा. मेट्रनबाईंनी त्याही वर्षी 'ठीक'च लिहिलं होतं आणि नंतर दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

"मी खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

अधीक्षकांचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

"तोंडी चालत नाही, मॅडम," लेखाधिकारी म्हणाले. मात्र या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "समितीला प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा मागवता येतो. थांबा."

त्यांनी समितीच्या वतीने मेट्रनबाईंना पत्र लिहिलं. शिपाई ते घेऊन बाहेर गेला, जावक क्रमांक घालून आला, पुन्हा बाहेर गेला, आवक शिक्का मारून आला आणि त्याने ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, मेट्रनबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"सात दिवसांची मुदत आहे."

"आत्ताच देते." त्यांनी पेन काढलं. "हे फाइलमध्येच राहील ना?"

"छे! निर्णयाची प्रत कारणांसकट दोघांनाही द्यावी लागते."

पेन कागदाच्या वर थांबलं. म्हणजे हा कागद त्याच्या हातात जाणार, आणि मोठ्या दवाखान्याची जाहिरात काही बंद झालेली नव्हती. बाहेरच्या बाकावर लाँड्रीवाला खोकला. मेट्रनबाईंनी डोळे मिटले, ओठ किंचित हलले, आणि मग त्यांनी एका दमात लिहून काढलं.

अधीक्षकांनी मोठ्याने वाचलं. "'अकरा वर्षांत एकही चादर हरवली नाही, आखूड झाली नाही. काम उत्कृष्ट आहे. मी दरवर्षी ठीक लिहिलं, कारण उत्कृष्ट लिहिलं असतं तर ते आम्हाला सोडून गेले असते.'"

अधीक्षकांनी एकाएकी चष्मा काढून पुसायला घेतला. मेट्रनबाईंच्या कामाचा वार्षिक अहवाल गेली नऊ वर्षं अधीक्षकच लिहीत होते, आणि मेट्रनबाईंची बढती नऊ वर्षं कुठे अडली होती, ते कोणालाच कळत नव्हतं.

लेखाधिकाऱ्यांनी चष्म्याकडे एकदा पाहिलं आणि तक्त्यात मान घातली. "उत्कृष्टला चाळीस. चौऱ्याण्णव. लाँड्रीवाला."

कोटवाल्याने निर्णय ऐकला, मोजा ओळखला, खिशात घातला आणि दोन रंगीत पत्रकं ठेवून निघून गेला.

लाँड्रीवाला मात्र प्रत घेऊन मेट्रनबाईंच्या खोलीच्या दारात आला. बोट ठेवून तो एकेक ओळ वाचत होता. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं.

"मला वाटायचं, निळीत काहीतरी चुकतंय," तो म्हणाला.

"निळीत काही चुकत नव्हतं, दादा."

त्याने मान हलवली. रागावला की हसला, ते खाली घातलेल्या मानेमुळे कळलं नाही. मग कागद सरळ करून त्याने तो टेबलावर ठेवला.

"बाई, याच्या सही-शिक्क्याच्या चार प्रती मिळतील का?"

"चार?"

"हे वर्ष इथलं करतोच. पुढच्या वर्षासाठी, असू द्याव्यात हाताशी."

मेट्रनबाईंनी प्रती काढून आणवल्या. चारही कागदांवर सही केली आणि शिक्का पॅडवर दाबला. तिसऱ्या प्रतीवर तो जरा फिका उमटला. त्यांनी ती प्रत उजेडात धरून पाहिली, बाजूला ठेवली, आणि दुसरी काढून आणायला सांगितलं.