खांद्यावरचं मत

या मतदारसंघाचा इतिहास पक्षांच्या कचेऱ्यांत शोधू नये. तो नळवाल्या अप्पांच्या जिन्यात आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि जिना असा चिंचोळा की एखादा जाड माणूस वर निघाला तर वरच्यांनी खाली यायचा बेत उद्यावर ढकलावा.

अप्पांनी उभ्या हयातीत या भागातल्या झाडून सगळ्या मोऱ्यांत डोकं घातलं होतं. मग एका गच्चीवरच्या टाकीवरून पडले, दोन्ही गुडघे गेले आणि अप्पा चौथ्या मजल्याचे झाले. त्यांना खाली उतरवायला चार दणकट माणसं लागत. इतकी दणकट माणसं फुकटात फक्त निवडणुकीलाच मिळतात.

पहिल्यांदा आले ते कामगार पुढाऱ्याचे लोक. सगळे हमाल. खुर्चीसकट अप्पांना उचलून त्यांनी शाळेत नेलं. पुढारी निवडून आला, पण इतक्या थोडक्या मतांनी, की तेवढी माणसं एका न्हाव्याच्या दुकानात बसली असती. तेव्हापासून या भागात एकेका मतासाठी उमेदवार जीव टाकू लागले. एका गृहस्थाला तर ऑपरेशनच्या टेबलावरून अर्धे टाके घालून मतदानाला आणलं आणि उरलेले बोटाला शाई लागल्यावर घातले, असं अप्पा शपथेवर सांगत.

पुढच्या खेपेला बिल्डर. त्याने गादीची खुर्ची पाठवली आणि लिफ्टचं वचन दिलं. निवडून आल्यावर खड्डा खणलाही. तो अजून आहे, त्यात इमारतीचा कचरा आणि एक मांजर राहते. मग पुढारी पुन्हा आला. मग तोच पुढारी बिल्डरच्या पक्षात गेला आणि अप्पांच्या दारात पुन्हा तेच हमाल उभे राहिले, गळ्यातला रुमाल तेवढा वेगळा.

"काय रे, मागच्या वेळी याच जिन्यात बिल्डरच्या सात पिढ्या उद्धरत होतात ना?"

"अप्पा, जिना तोच आहे ना? मग झालं तर," हमालांचा मुकादम म्हणाला.

त्यावर पुढाऱ्याचा जावई चिडला आणि सासऱ्याविरुद्ध उभा राहिला. तेव्हापासून मतदारसंघात सासरा नाहीतर जावई. लोकांना निवडायला एकच घर उरलं.

अप्पांना कुणाचं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता अक्कात. थोरली बहीण, रस्त्यापलीकडे लॉन्ड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. तीही खिळलेली. कानांनी बहिरी, अगदी कानात ओरडलं तरच ऐकू येणार, डोळ्यांनी अंधुक, त्यामुळे फोन लावून उपयोग नाही. तिला जावयाची माणसं उचलून आणत. शाळेच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या जात आणि बहीण-भाऊ एकमेकांचा हात धरून मनसोक्त भांडत. सरकार मध्येच पडलं की अख्खा जिना हळहळे आणि अप्पा सुनेला गोड शिरा करायला लावत.

आणि यंदा निघालं घरबसल्या मतदान. म्हाताऱ्यांची दगदग नको म्हणून. सुनेने परस्पर होकार कळवून टाकला.

एका सकाळी निवडणुकीच्या साहेबबाई, शिपाई, पोलीस, कॅमेरावाला आणि पेटी अशी वरात चौथ्या मजल्यावर आली. अप्पा पेटीकडे बघत राहिले.

"हिला उचलायला माणसं मिळाली वाटतं."

"आजोबा, शिक्का मारा. आम्हाला अजून बरीच घरं आहेत."

"मी शाळेत देणार."

"आता नाही देता येणार. घरी म्हणून नोंद झालीय. इथे नाही दिलंत तर कुठेच नाही."

"अहो अप्पा, मारा ना शिक्का! माणसं ताटकळलीत," सून म्हणाली.

साहेबबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "काय चाललंय आज! समोर लॉन्ड्रीवरच्या आजींनीपण असंच केलं. शाळेतच जाणार म्हणाल्या. माझा भाऊ येतो तिथे, म्हणे."

अप्पांनी शिक्का खाली ठेवला. "न्या तुमची पेटी."

सून दोन दिवस बोलली नाही. अप्पांनी तेवढ्यात मुकादमाला फोन लावला.

"मुकादम, माझं मत घरी झालेलं नाही. जावयाची माणसं चकरा मारतायत हं. मी काही बोललो नाही अजून."

मतदानाच्या दिवशी उजाडताच मुकादम तिघांना घेऊन हजर. वळणावर अप्पांचं कोपर भिंतीला खरचटलं, पण ते हूं की चूं करेनात. शाळेच्या फाटकातून आत शिरताना त्यांनी मान ताणून पाहिलं. अक्का होती. खुर्चीत मात्र नव्हती, व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, एकटी.

खोलीतल्या कारकुनाने नाव पाहून मान हलवली. "यांचं घरी होतं. इथे नाही."

"नाही म्हणजे?" मुकादम भडकला. "मग आम्ही एवढं उचलून आणलं काय?"

"मला आणलंत," अप्पा म्हणाले.

मुकादम हसला नाही. "अप्पा, तुम्हीसुद्धा? अहो, तीन म्हातारे खोळंबलेत तिकडे. खुर्ची एकच आहे आमच्याकडे." त्याने तिघांना खूण केली. त्यांनी अप्पांना बाहेर आणून अक्काशेजारी पायरीवर उतरवलं, खुर्ची उचलली.

"आणि घरी रे?"

"सुनेला सांगा ना!" फाटकातूनच उत्तर आलं.

अक्काने हात चाचपला, मग चेहरा. "आलास? वाळलास की रे मेल्या."

"तुझी खुर्ची कुठाय?" अप्पा तिच्या कानात ओरडले.

"घेऊन गेले. मला म्हणाले, आजी, फसवलंत. मी काय फसवलं? मी म्हटलं होतं का, मला मत आहे म्हणून? मी म्हटलं, मला शाळेत न्या."

दोघं बसले. ऊन पायरीवर आलं. रांगेतली माणसं त्यांना वळसा घालून आत जात होती. एका बाईने पाण्याची बाटली दिली आणि ती घाईघाईने मत द्यायला गेली. अक्काने एका जुन्या पितळी घागरीवरून भांडण उकरून काढलं. अप्पांनीही कसर ठेवली नाही.

भांडण ऐन रंगात आलं असता फाटकाशी गलका झाला. सासरा स्वतः आला होता, आता चांगलाच थकलेला, बोटांत अंगठ्या सैल झालेल्या. पायरीवर दोन म्हातारी माणसं बसलेली बघून त्याचा चेहरा उजळला. हात जोडून, कमरेत वाकत तो थेट त्यांच्याकडे निघाला. अप्पांना तेवढ्यातही वाटून गेलं, की याला सांगितलं तर हा घरी न्यायला चार माणसं देईल.

सोबतचा मुकादम पुढे झाला आणि त्याच्या कानाशी लागला.

जोडलेले हात तसेच राहिले. फक्त वळले, मागे उभ्या असलेल्या एका तरुण जोडप्याकडे.

"कोण रे होता?" अक्काने विचारलं.

"ओळखीचा नव्हता," अप्पा म्हणाले. "हं, तर घागर तुझ्याकडेच होती."