दुसरी खुर्ची

ॲम्ब्रोज दाराबाहेर जिन्यात उभा राहिला की दोघांची लाडकी इंग्लिश फुटबॉल टीम एव्हर्टन जिंकते, हा शोध सुजीतचा. एप्रिलमध्ये एफए कपच्या सेमीफायनलला युनायटेडविरुद्ध एव्हर्टनची पहिलीच पेनल्टी हुकली, तेव्हा त्यानंच "पनवती आहेस, यल्ला, बाहेर!" म्हणून मित्राला हाकललं होतं. एव्हर्टन जिंकलं आणि ॲम्ब्रोजची जिन्यातली जागा पक्की झाली. दोघंही चांगले शिकलेले, दुबईत एकाच बांधकाम कंपनीत इंजिनियर. पण लहानपणापासून क्रिकेट असंच बघितलेलं, जागा सोडली की विकेट गेलीच. मॅच लागली की अक्कल गहाण.

मे संपेपर्यंत मंदीनं सुजीतची नोकरी गिळली. बायको छाया आणि लेक इरा आधीच पुण्याला गेल्या. ऊद मेथातल्या फ्लॅटमधलं सामान विकून झालं, मॅचपुरता टीव्ही ठेवला होता. चेल्सीविरुद्धच्या फायनलच्याच संध्याकाळी, मॅच संपली की त्याची एअरपोर्टची टॅक्सी येणार होती.

"ये रे नक्की, लास्ट मॅच आहे आपली," त्यानं फोनवर सांगितलं.

ॲम्ब्रोज वेळेवर आला आणि जिन्यातच थांबला. जाणाऱ्या दोस्ताला द्यायला त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय? निदान कप तरी मिळू दे बिचाऱ्याला. मॅच सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नसेल, आतून सुजीतची आरोळी आली. गोल! ॲम्ब्रोजनं छातीवर क्रूस काढला. आता इथून हलणं म्हणजे पापच.

चेल्सीनं बरोबरी केली तेव्हा सुजीत दारात आला. "पुरे झालं आता. आत ये ना."

"वेडा झालास? कप घालवशील, हबीबी!"

सुजीत क्षणभर घुटमळला. मग दार लोटून एकटाच आत गेला.

चेल्सीनं दुसरा गोल मारला. खलास. थोड्या वेळानं सुजीत बॅगा घेऊन बाहेर आला, तेव्हा ॲम्ब्रोजचे डोळे भरून आले होते.

"सॉरी यार. एवढं करूनपण हरलो."

"मी तुला जिंकायला नव्हतं रे बोलावलं," सुजीत म्हणाला, आणि चावी त्याच्या हातात ठेवली. "दिवे बंद करून वॉचमनला दे."

टॅक्सी नजरेआड झाल्यावर ॲम्ब्रोज वर आला. सगळा हॉल मोकळा होता. टीव्हीसमोर तेवढ्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या. एकीवर त्याच्या वाटणीचे समोसे झाकून ठेवलेले होते, गार झालेले. त्यानं ताटली मांडीवर घेतली आणि तो त्या खुर्चीत बसला. शेजारची आता रिकामी होती.