दुसऱ्या ओळीतलं गवत

गवतावर अठरा वर्षं घालवली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "पण गवत तर आपोआप उगवतं ना?" बाई सुरुवातीला समजावून सांगायच्या. आपोआप उगवणारं गवत आपोआप मरतंही, पाऊस लागोपाठ दोन वर्षं दडी मारून बसला की माळ उघडाबोडका पडतो, आणि मेंढीला पोट मात्र बाराही महिने असतं. दहाएक वर्षांनी त्यांना सांगायचा कंटाळा आला. आता कोणी विचारलं की त्या "हो, उगवतं की" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

त्या शुक्रवारी बाईंच्या टेबलावर अठरा वर्षांची फाईल पडली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. संध्याकाळी पाचच्या आत प्रस्ताव वर पाठवायचा होता. बारा नंबरचं गवत दुष्काळात तगून राहतं, सबब कुरणांसाठी ते प्रसारित करावं, असा त्याचा मथितार्थ. प्रस्ताव गेला तर प्रयोगाचं रान आणखी पाच वर्षं वाचणार होतं. नाही गेला तर सोमवारी मशीन येऊन सगळं सपाट करणार आणि तिथं सौर पॅनेल उभी राहणार. साहेबांनी हे आठवड्यात तीनदा बजावलं होतं. साहेब म्हणजे गवत संशोधन केंद्राचे प्रमुख. एकेकाळी बाईंच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे ते ओरडायचे तेही "मॅडम" म्हणूनच.

बारा नंबर हे बाईंचं स्वतःचं पोर. दोन गवतांचा संकर करून, हजारो रोपं लावून, त्यातली हजारो उपटून टाकून त्यांनी ते वाढवलं होतं. घरी नवरा त्याला 'तुझा दुसरा संसार' म्हणायचा. "पहिल्या संसारात आज काही शिजणार आहे, की मीच कुकर लावू?" असं विचारायचा आणि शेवटी कुकर तोच लावायचा. चिडायला दोघांच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं.

बारा नंबरची वाट पाहणारी आणखी एक बाई होती, मेंढीवाली मावशी. वय सत्तरीचं, आवाज मात्र माळाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. दर महिन्याला तिचा फोन यायचा. "पोरी, बियाणं कधी देतेस? की मी वर गेल्यावर देणार आहेस?" गोदामात चाळीस पोती बियाणं तयार होतं, ऑफिसमागच्या वाफ्यांत पाणी देऊन वाढवलेलं. प्रस्ताव मंजूर झाला की मावशी आणि तिच्याबरोबरची तीस घरं आपलं उरलंसुरलं कुरण नांगरून त्यात हेच पेरणार होती. बियाणं देण्याचा शब्दच मावशीने घेतला होता बाईंकडून.

सकाळी अकराला सगळं तयार होतं, फक्त फोटो राहिला होता. रानातला माणूस दोरीभाऊ, त्याने मोबाईलवरून चार फोटो पाठवले होते आणि चारही फोटोंत त्याचा अंगठा बारा नंबरपेक्षा जास्त ठळक होता. बाई वैतागून उठल्या आणि स्वतःच रानात निघाल्या.

खरं तर दोन वर्षं त्यांचा पाय तिकडे पडला नव्हता. आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यातून उठतात तोवर साहेबांनी भांडार, हजेरी, तपासण्या अशी सगळी लचांडं त्यांच्या गळ्यात मारली. मोजणी दोरीभाऊ करायचा आणि आकडे आणून द्यायचा. बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, मोजायची दोरी कायम खांद्यावर, म्हणून नाव दोरीभाऊ. त्याच्या आकड्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या हातावर संशय घेणं, असं बाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

फाटकापासून रानापर्यंत दहा मिनिटांची वाट, पण बाईंना अर्धा तास लागला. ऊन डोक्यावर आलेलं. दोन कोरड्या वर्षांनी रान भाजून निघालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एक सर येऊन गेली होती आणि ज्यांच्यात जीव होता ते ठोंब तेवढे हिरवे झाले होते, बाकी सगळा करडा काडीकचरा. तीन ठिकाणी बारा-बारा वाफे, प्रत्येक ठिकाणी सहाच्या दोन ओळी, प्रत्येक वाफ्यात एकेका नंबरच्या गवताचे वीस ठोंब. बाराच्या पाटीमागे हिरवंगार दिसलं. तीनही ठिकाणी मिळून साठातले एक्कावन्न जिवंत होते. आकडा कागदावर बघणं वेगळं आणि हे वेगळं.

"बघा बाई," दोरीभाऊ मागून म्हणाला, "म्हटलं नव्हतं? तुमच्या पोरानं नाव काढलं."

बाईंनी फोटो काढले. मग हातातली काठी टाकून त्या कशाबशा खाली बसल्या, गुडघा कुरकुरला. त्यांना फक्त हात लावायचा होता. बारा नंबरच्या पानाच्या सांध्याखाली बारीक मऊ लव असते. ती लव आणण्यात त्यांची चार वर्षं गेली होती, कारण लव असली की पान कमी वाळतं. डोळे झाकून अंगठ्याला कळायची त्यांना.

अंगठा गुळगुळीत दांडीवरून खाली घसरला.

त्यांनी दुसरा ठोंब पाहिला, तिसरा पाहिला. कुठेच लव नाही. बुंध्याशी माती सारली तर खाली तांबूस रंग. बारा नंबरचा बुंधा पांढरट असतो. तांबूस बुंध्याचं गवत या रानात एकच होतं, सात नंबर. ते कोणी तयार केलेलं नव्हतं. एका खडकाळ उतारावरून खणून आणून, नुसतं तुलनेसाठी म्हणून लावलेलं रानटी गवत.

"दोरीभाऊ," बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला, "या पाट्या कोणी लावल्या?"

"मीच की. लाकडी खुंट्या वाळवीनं खाल्ल्या ना सगळ्या, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी. मग पत्र्याच्या करून आणल्या. नकाशा बघूनच लावल्यात."

"कशा लावल्या? दुसरी ओळ कुठून सुरू केली?"

दोरीभाऊने डावीकडे बोट दाखवलं. "इथून. पहिली ओळ एक ते सहा. मग इकडे येऊन सात, आठ, नऊ..."

त्याचं बोट हवेतच राहिलं.

गवताच्या रानात वाफे नागमोडी मोजतात. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे संपली की माणूस परत मागे चालत येत नाही, तिथेच वळतो आणि दुसरी ओळ उजवीकडून मोजत येतो. चालणं वाचतं म्हणून ही रीत. नकाशावर ते बाणाने दाखवलेलं असतं, पण बाईंनी तो नकाशा वाफे लावले तेव्हा पेन्सिलने काढलेला होता आणि बाण केव्हाच पुसला गेला होता. दोरीभाऊ स्वतः हजार वेळा नागमोडी चालला होता. मात्र पाट्या लावायच्या दिवशी हातात कागद होता, आणि माणूस कागद डावीकडूनच वाचतो.

म्हणजे दुसरी ओळ उलटी झाली होती. साताच्या जागी बारा आणि बाराच्या जागी सात, तेही तीनही ठिकाणी.

बाई काठीच्या आधाराने उठल्या आणि डाव्या टोकाला गेल्या. साताची पाटी. मागे करड्या काड्यांचे वीस बुडखे. एक त्यांनी हातात धरून ओढला. काहीही जोर न लावता तो मुळासकट वर आला, मुळंही नव्हतीच म्हणा, नुसता भुसा. बुंधा पांढरट होता. गेल्या वर्षी या पाटीमागे तीन ठोंब जिवंत होते, यंदा एकही नाही. अहवालात सात नंबरच्या त्या शून्यापुढे बाईंनी स्वतःच्या अक्षरात 'अपेक्षेप्रमाणे' असा शेरा मारला होता.

दोरीभाऊ तोंडावर हात घेऊन उकिडवा बसला होता. "बाई, माझ्यावर टाका. माणसानं घोटाळा केला असं लिहा. मला काढून टाकू देत."

"तुला काढून गवत जिवंत होणार आहे का?"

"पण बाई..."

"दोन वर्षं मी इथं आले नाही, दोरी. आले असते तर एका मिनिटात कळलं असतं. मी कागदांवर सह्या करत बसले होते." त्यांना त्याचा राग येत नव्हता. राग यायला लागते तेवढीसुद्धा ताकद अंगात नव्हती. फक्त खूप थकल्यासारखं वाटत होतं, आणि कुठेतरी सावलीत आडवं व्हावंसं वाटत होतं.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही आणि दोरीभाऊ सोडून कोणाला माहीत आहे?"

"आता तुम्हाला."

"मी काही ऐकलेलं नाही असं समजा. मॅडम, हे रान वाचवायला मी वर किती जणांच्या पाया पडलो ते तुम्हाला माहीत नाही. पाचपर्यंत प्रस्ताव पाठवा. पुढे बघू काय करायचं ते. बियाणं तर तयार आहे ना?"

"बियाणं बाराचं आहे."

"मग?"

"मग मावशी ते पेरेल. दोन वर्षांनी पाऊस फिरकला नाही की मरेल. आहे ते कुरण ती नांगरून बसलेली असेल. मेंढ्यांना काय खायला घालायचं, माझा अहवाल?"

"सात नंबरचा प्रस्ताव करा मग."

"त्याचं मूठभरही बियाणं नाही. तयार बियाण्याशिवाय प्रस्ताव चालत नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

साहेबांनी सुस्कारा सोडला. ते वाईट नव्हते, तेही दमलेलेच होते. "सोमवारी मशीन येईल मॅडम. मी थांबवू शकणार नाही," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाई ऑफिसात परत आल्या तेव्हा तीन वाजले होते. खिडकीतून मागचे वाफे दिसत होते. तिथं बारा नंबर पाणी पिऊन छान डुलत होता. दोन वर्षं त्या रोज याच्याकडे बघून खूश होत होत्या. पाणी मिळालं की कुठलंही गवत शहाणं वाटतं, हे त्या पोरांना पहिल्याच तासाला शिकवायच्या, आणि स्वतःच फसल्या होत्या. त्यांनी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि संगणकापुढे बसल्या.

मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. प्रस्ताव पडद्यावर तयार होता, फोटोही जोडून झाले होते. एक बटण दाबायचं होतं. चार महिन्यांनी निरोपाचं भाषण, हार, नारळ. मावशीच्या माळावर गवत मरायला अजून दोन-तीन वर्षं लागली असती, आणि तेव्हा खापर पावसावर फुटलं असतं. पावसाला तेवढं सहन करायची सवय आहे. बाई तासभर नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. नवऱ्याचा फोन येऊन गेला, त्यांनी तो घेतला नाही.

मग त्यांनी प्रस्ताव पुसून टाकला आणि त्याच्या जागी साडेतीन ओळी लिहिल्या. दुसऱ्या ओळीतल्या पाट्या उलट्या लागल्या होत्या. देखरेखीची जबाबदारी माझी होती, चूक माझी आहे. सात नंबर: साठपैकी एक्कावन्न जिवंत. बारा नंबर: शून्य. शून्य लिहिताना त्यांचं बोट त्या अक्षरावर जरा जास्त वेळ दाबून राहिलं आणि एकाऐवजी पाच शून्यं उमटली. चार पुसून त्यांनी कागद पाठवून दिला. पाचाला अजून पस्तीस मिनिटं होती.

रानात परतल्या तेव्हा दोरीभाऊ तिथेच बसलेला होता, घरी गेलाच नव्हता. दोघांनी मिळून सात नंबरचा एक ठोंब फोडून पाहिला. मुळं इतकी खोल की अख्खा ठोंब खणून काढणं अशक्य होतं. पण बुडातून बोटभर फुटवे मुळांच्या तुकड्यासकट सुटत होते. एकातून आठ निघाले. दोरीभाऊने हिशेब केला. एक्कावन्न ठोंब, चारशेच्या वर फुटवे. ओल्या गोणपाटात गुंडाळले तर दोन दिवस तगतील. सोमवारच्या आत कोणीतरी ते नेऊन लावायला हवे होते.

बाईंनी मावशीला फोन लावला.

"निघालं का गं बियाणं?" मावशीने हॅलोच्या आधीच विचारलं.

"मावशी, बियाणं देत नाही मी. तुमचा माळ नांगरू नका. दुसरं एक गवत आहे, रानटीच आहे. त्याचे फुटवे देते. थोडेच आहेत, पण उद्याच येऊन घेऊन जा. बांधाच्या कडेने लावा. वाढवायचं तुम्हालाच लागेल, इथं आता काही राहणार नाही."

"आणि तुझा बारा नंबर?"

"मेला."

"अगं, कधी?"

"गेली दोन वर्षं मरतच होता," बाई म्हणाल्या. "मला आज कळलं."

पलीकडे मेंढ्यांचा आवाज येत राहिला. मावशीने ना बियाण्याचं विचारलं, ना दिलेल्या शब्दाचं. ती म्हणाली, "पोरी, तू एकटी आहेस का तिथं?" आणि तेव्हा कुठे, उतरत्या उन्हात, दोरीभाऊच्या देखत, बाईंना रडू फुटलं.